डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला शिबिरप्रमुख करताना

प्रश्न एका प्राध्यापिकेचा आहे. त्या ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकारी आहेत. एस. वाय. बी. ए.च्या एका स्वयंसेवकाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, आहे. दहावीच्या परीक्षेत त्याने त्यासाठी सवलत घेतली होती. श्रमदानात तो सगळ्यांच्या पुढे असतो, मुलं त्याचं ऐकतात. पण वर्गात तोंड उघडत नाही आणि इंग्रजीचा पेपर राहिला आहे. डिसेंबरच्या शिबिरात त्याला शिबिरप्रमुख करावं असं त्यांना वाटतं. आत्मविश्वास वाढेल, की चारचौघांत फजिती होऊन होता तोही जाईल, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, करा. मुलं त्याचं ऐकतात हे तुम्हीच लिहिलंय, आणि ती गोष्ट शिकवून येत नाही. तुमची भीतीही खरी आहे, कारण आपल्याकडे शिबिरप्रमुखाच्या कामात नेतृत्व थोडं आणि लिखापढी फार असते. हजेरी वाचायची, अहवाल वाचायचा, पाहुण्यांचे आभार मानायचे, हिशेब लिहायचा, सूचनाफलक भरायचा. हे सगळं आहे तसं त्याच्या हाती दिलंत तर तो पडेल, आणि पडेल तो नेतृत्वात नव्हे, वाचनात. पाहणाऱ्यांना मात्र फरक कळणार नाही, आणि त्यालाही कळणार नाही. म्हणून पद जाहीर करण्याआधी या दोन गोष्टी सोडवून वेगळ्या करणं हे तुमचं पहिलं काम.

आत्मविश्वास कशाने येतो याबद्दल अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेली चौकट अजूनही कामाची आहे. ‘हे मला जमेल’ ही खात्री चार वाटांनी येते असं तो म्हणतो: स्वतः काम तडीला नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर, आणि त्या वेळी शरीर-मन किती ताणात आहे ते. सगळ्यांत जोरकस पहिली. नुसत्या शाबासकीवर उभी राहिलेली खात्री पहिल्याच अपयशात ओसरते. आणि ही खात्री ज्या-त्या कामापुरती असते. शिबिर गाजवलं म्हणून इंग्रजीच्या पेपरची धास्ती आपोआप जात नाही. त्यासाठी वेगळं काय करायचं ते पुढे लिहितो.

आधी त्याची अडचण नेमकी समजून घ्या. डिस्लेक्सियात बुद्धी कमी नसते. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड सहज, न थांबता लागत नाही. मराठीत अक्षर आणि उच्चार बरेचसे जुळतात, म्हणून अशी मुलं मराठी बहुधा बरोबर पण हळू वाचतात. घ-ध, भ-म, ब-व यांत गडबडतात, रफार आणि जोडाक्षरांपाशी अडतात, ऱ्हस्व-दीर्घ कायम चुकतं. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चाराचा मेळ अनेकदा बसत नसल्याने तिथे कोंडी होते. अनेकांना ऐकलेल्या सूचना डोक्यात धरून ठेवायलाही त्रास होतो. व्हरांड्यात चालता चालता तुम्ही सात कामं सांगितलीत आणि त्यातली तीन राहिली, तर तो बेजबाबदारपणा समजू नका. एका वेळी दोन-तीन कामं सांगा, त्याच्याकडून परत म्हणवून घ्या, आणि तीच व्हॉइस नोटवर पाठवा.

यातलं त्याला काय काय लागू आहे हे तोच सांगू शकेल. दार लावून, अर्धा तास काढून विचारा: कोणत्या कामाच्या नुसत्या कल्पनेने पोटात गोळा येतो? उत्तर बहुतेक वेळा ‘सगळ्यांसमोर वाचणं’ असं येतं, पण काहींना आकड्यांची भीती जास्त असते, काहींना हस्ताक्षर दिसण्याची. मग एक कागद घेऊन शिबिरप्रमुखाची सगळी कामं लिहून काढा आणि प्रत्येकापुढे खूण करा: यात मोठ्याने वाचायचं आहे का, लिहायचं आहे का, आकडेमोड आहे का, निर्णय घ्यायचा आहे का. निर्णयाची कामं सगळी त्याच्याकडे. उरलेल्यांची पद्धत बदला किंवा ती दुसऱ्याला द्या.

हजेरी घ्या उदाहरणाला. पन्नास नावं, त्यात क्षीरसागर, कुऱ्हाडे, म्हेत्रे, दुर्वे. पहाटे साडेपाचला, अर्धवट उजेडात, रांगेत उभ्या मुलांसमोर एक आडनाव चुकलं की हशा, आणि मग सातही दिवस तेच नाव त्याला चिकटतं. त्याऐवजी दहा-दहांचे पाच गट करा. गटप्रमुख आपली माणसं मोजून तोंडी सांगेल: ‘दहापैकी नऊ, एक स्वयंपाकघरात.’ शिबिरप्रमुख पाच उत्तरं ऐकतो आणि पाच आकडे टिपतो. नावांची नोंद गटप्रमुखांच्या वहीत होते, मस्टरवर ती नंतर सावकाश उतरवता येते. अशी हजेरी दोन-तीन मिनिटांत आटपते, म्हणून ती सगळ्यांसाठीच चांगली. हे तत्त्व इतर कामांनाही लावा. शक्य तिथे सोय सर्वांसाठी करा, म्हणजे कोणा एकाकडे बोट जात नाही.

सकाळचा आदल्या दिवसाचा अहवाल वाचून दाखवायची प्रथा आहे. त्याने तो वाचू नये, सांगावा. रात्री फोनवर तीन-चार मिनिटं बोलून ठेवायचं. नेट असेल तर मराठी व्हॉइस टायपिंग थेट अक्षरं उमटवतं, पण ते विशेषनामं चुकवतं आणि विरामचिन्हं बहुतेक खातं, म्हणून अहवाल समितीतल्या एकाने तपासायला हवं. गावात रेंज नसेल तर साधं रेकॉर्डिंग करा आणि टंकन परतल्यावर. सकाळी हातात एक कार्ड, त्यावर पाच शब्द किंवा पाच छोटी चित्रं: फावडं, थाळी, पाहुणा, खेळ, उद्या. त्यावर तो पाच मिनिटं बोलतो. आदल्या रात्री एकदा मोठ्याने सराव पुरे. पाठ करायला लावू नका. पाठ केलेलं एका जागी अडलं की पुढचं सगळं जातं.

आभारप्रदर्शन हा सर्वांत धोक्याचा भाग, कारण त्यात नावं असतात आणि नाव चुकलं की पाहुणा दुखावतो. शक्य असेल तर ते दुसऱ्याला द्या. त्यालाच करायचं असेल तर पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं घ्या, एका कार्डावर एकच नाव, अठरा-वीस पॉइंटच्या ठळक अक्षरात, अवघड आडनाव तुकडे पाडून लिहिलेलं. कोपऱ्यात क्रमांक, आणि सगळी कार्डं भोक पाडून दोऱ्यात ओवलेली, म्हणजे हातातून सुटली तरी क्रम बिघडत नाही. नावांचा उच्चार आदल्या दिवशी रेकॉर्ड करून द्या, तो ऐकून म्हणेल. मग समारोपात ऐन वेळी कोणीतरी कागद पुढे करून ‘एवढं जरा वाचून दाखव रे’ म्हणतं, ते थांबवणं तुमच्याकडे आहे. प्राचार्यांना आणि सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा की व्यासपीठावर त्याच्या हातात कोणीही नवा कागद द्यायचा नाही. कारण सांगायची गरज नाही.

त्याच्यासाठी छापायच्या कागदाला चौदा पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, डावीकडे जुळवलेला मजकूर, परिच्छेद लहान. तिरपी अक्षरं नकोत. डिस्लेक्सियासाठी म्हणून मिळणारे खास फॉन्ट आणि रंगीत पारदर्शक कागद यांच्या उपयोगाचा भक्कम पुरावा नाही. त्यावर पैसे घालवू नका.

हिशेबाचं आधी विचारून घ्या. वाचनाच्या अडचणीबरोबर आकड्यांची अडचण पुष्कळांना असते, पण सगळ्यांना नाही. असेल तर १४५० चे १५४० होतात आणि दोष प्रामाणिकपणावर येतो, जो डाग फार वाईट. कोषाध्यक्ष वेगळा ठेवा. प्रत्येक पावतीचा लगेच फोटो, रोजचं वेगळं पाकीट, त्यावर रक्कम आकड्यात आणि अक्षरात, आणि रात्री दोघांनी स्वतंत्र बेरीज. स्वयंपाकघरातली मापं डब्यावर बसवा. पन्नास जणांच्या नाश्त्याला साधारण साडेचार ते पाच किलो पोहे लागतात. ते एकदा तोलून पातेल्यावर खूण करून ठेवली की रोज माणशी ग्रॅमने गुणाकार करायला नको.

आता जिथे तो खरा उभा राहील ते काम. शिबिरात वनराई बंधारा घेत असाल तर त्याच्यासाठी याहून चांगली जागा नाही. पावसाळा सरल्यावर ओढ्यात थोडा प्रवाह उरतो, त्याला सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून अडवायचं. गोणी तोंडापर्यंत भरायची नाही. दोन-तृतीयांश ते पाऊण भरून सुतळीने शिवायची, म्हणजे ती रचताना दबून नीट बसते. विटांसारखे सांधे चुकवत थर लावायचे, तळ रुंद आणि माथा अरुंद, पाण्याच्या बाजूने चिकण मातीचा लेप. यात चार टोळ्या चालतात: भरणारी, शिवणारी, हातोहात पोचवणारी, रचणारी. आणि जवळपास नेहमी शिवणाऱ्यांपाशी काम तुंबतं. भरलेल्या गोण्यांचा ढीग साचतो, पुढची साखळी रिकामी उभी राहते, मुलं फोन काढतात. ते वेळेत ओळखून भरणाऱ्यांतली चार माणसं शिवायला बसवणं, उन्हात थकलेल्या रचणाऱ्यांना बदली देणं, गावातल्या जाणत्याला विचारून पाया एक हात मागे घेणं. शिबिरप्रमुखाचं हेच काम, आणि यात वाचण्यासारखं एक अक्षर नसतं.

म्हणून डिस्लेक्सिया असलेल्यांना अशा कामाची उपजत देणगी असते, असं मात्र त्याला सांगू नका. ते ऐकायला गोड लागतं, पण सर्वांना लागू होईल असा पुरावा त्याला नाही. एखाद्या मुलात तसं काही दिसलं नाही तर त्याला वाटतं की भरपाईही आपल्या वाट्याला आली नाही. ‘आईनस्टाइनलाही डिस्लेक्सिया होता’ छापाची भित्तिपत्रकं त्याच कारणाने टाळा. त्या दाव्याला निदानाचा आधार नाही. बांडुराची दुसरी वाट वापरायची असेल तर जवळचं माणूस शोधा, त्याच महाविद्यालयातून गेलेलं, हीच अडचण असलेलं, आणि स्वतःहून बोलायला तयार असलेलं.

थेट शिबिरात ढकलू नका. २४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिवस, योजना १९६९ साली याच दिवशी सुरू झाली. त्या दिवसाचा एक उपक्रम, समजा परिसर स्वच्छता, त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्या: किती माणसं, कोणती साधनं, कचरा कुठे जाणार, सगळं त्याने ठरवायचं. ऑक्टोबरमध्ये दत्तक गावाची पूर्वपाहणी. सरपंच आणि ग्रामसेवकांशी बोलून राहण्याची जागा, पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह, श्रमदानाची जागा पाहायची आणि परत येऊन फोनमधले फोटो दाखवत तुम्हाला तोंडी सांगायचं. नोव्हेंबरमध्ये पंधरा-वीस जणांचं एक दिवसाचं श्रमदान. मग शिबिर. प्रत्येक पायरी चुकू शकेल इतपत अवघड हवी. मुद्दाम सोपं केलेलं काम या मुलांना लगेच ओळखू येतं. शाळेत त्यांनी ते पुष्कळ पाहिलेलं असतं. एखादी पायरी फसली तर तीच पायरी थोडी लहान करून पुन्हा घ्या, पुढे रेटू नका.

सहायक लागेल, आणि तो त्याने निवडायचा. सहायकाची कामं वाचणं, लिहिणं आणि वेळेची आठवण करणं, एवढीच. इथे हमखास जे बिघडतं ते असं: कागद सहायकाच्या हातात असतो, म्हणून गावकरी, पाहुणे, इतर प्राध्यापक सगळे त्याच्याशीच बोलू लागतात, आणि तिसऱ्या दिवशी शिबिरप्रमुख कोण हे नावापुरतं उरतं. कोणी सहायकाला विचारलं की ‘ते शिबिरप्रमुखाला विचारा’ हे तुम्ही पहिल्या दिवसापासून म्हणायला हवं. तुम्ही स्वतःही निरोप सहायकाकडे देऊ नका, कितीही घाई असली तरी.

त्याच्या अडचणीबद्दल कोणाला सांगायचं हे तो ठरवेल. काही मुलं गटप्रमुखांना सरळ सांगून मोकळी होतात, काहींना ते नकोच असतं. दोन्ही चालेल. पण समारोपाच्या भाषणात ‘अक्षमतेवर मात करून’ हे शब्द नकोत, त्याने स्वतः मागितल्याशिवाय तर नकोतच. पन्नास मुलांनी सात दिवस ज्याला प्रमुख म्हणून पाहिलं, त्याला शेवटच्या दहा मिनिटांत पुन्हा रुग्ण करून टाकण्याचा हा प्रकार, आणि तो चांगल्या मनाने केला जातो म्हणून अधिक सांभाळायचा.

रोज रात्री दहा मिनिटं त्याच्याबरोबर बसा. ‘छान केलंस’ याचा उपयोग नाही. वर्षानुवर्षं मार्क कमी पडलेली मुलं यशाचं श्रेय नशिबाला किंवा मदतीला देतात आणि अपयश तेवढं स्वतःचं मानतात. म्हणून घडलेलं नेमकं सांगा: ‘ढीग साचला तेव्हा तू चौघांना शिवायला बसवलंस, म्हणून जेवणाआधी तिसरा थर लागला.’ हे खोडता येत नाही. चूक झाली असेल तर तीही तशीच नेमकी: ‘निरोप दोनच गटांना पोचला, उद्या पाचही गटप्रमुखांना एकत्र बोलावून सांग.’ आणि चालू कार्यक्रमात तो अडखळला तर माइक काढून घेऊ नका. थांबू द्या, पाणी पिऊ द्या, तो पुढे जाईल. चौथ्या दिवसापर्यंत सगळ्यांची झोप तुटलेली असते आणि थकव्यात वाचन अधिक बिघडतं. त्याला दुपारी एक तास सक्तीने मोकळा द्या.

आता अभ्यास. शिबिरातून उतरल्या उतरल्या, जानेवारीतच, त्याच्याशी बसून विचारा की तिथे काय कामी आलं. आधी बोलून मग लिहिणं, कार्डावर पाच शब्द, ऐकून लक्षात ठेवणं, काम तुकड्यांत करणं. हीच साधनं पेपरला लावा: धडा फोनवर ऐकायचा, उत्तर आधी तोंडी, मग पाच मुद्दे, मग लेखन. गटअभ्यासात समजावून सांगायचं काम त्याला द्या. हा जोड तुम्ही मुद्दाम लावलात तरच लागतो. उलट बाजूचा धोकाही आहे. जिथे मान मिळतो तिथे माणूस रमतो, आणि वर्गात अपमान सोसलेला मुलगा तर पूर्ण रमतो. पुढच्या सत्रात तो प्रत्येक समितीत दिसू लागतो आणि एटीकेटी दोन विषयांची होते. एका वर्षी एकच पद, आणि परीक्षेच्या आधीचे चार आठवडे कोणतीही समिती नाही, हे त्याच्याकडून सुरुवातीलाच कबूल करून घ्या. पुढे कधी विद्यार्थी निवडणूक लढवायची त्याची इच्छा असेल तर लिंगडोह समितीच्या शिफारशींत ७५ टक्के उपस्थिती आणि मागचा विषय शिल्लक नसणं या अटी आहेत, हेही त्याला सांगा. राहिलेला पेपर काढायला ते चांगलं निमित्त होतं.

तो नको म्हणाला तर? मग पद नको, काम दे, असं करा. श्रमदान समिती त्याच्याकडे, प्रमुख दुसरा कोणी. यादी फलकावर लावायच्या आधी एकदा परत विचारा आणि त्यानंतर विषय सोडा. चारचौघांत आग्रह करून गळ्यात घातलेलं पद तो नाकारू शकत नाही, आणि पहिल्या संधीला आजारी पडतो.

राहिलेल्या इंग्रजीचं शेवटचं. दहावीला मिळालेली सवलत महाविद्यालयात आपोआप पुढे येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो) आणि कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक यांसारख्या परीक्षेतल्या बदलांची तरतूद आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लक्षणीय (४० टक्के किंवा अधिक) दिव्यांगत्व असलेल्यांना तासाला किमान वीस मिनिटं जादा सांगितली होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. त्याच वर्षीच्या प्रमाणपत्राबाबतच्या सूचनांत आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी ठेवली होती, त्यामुळे शाळेतलं जुनं प्रमाणपत्र अपुरं पडण्याची शक्यता बरीच. त्याचं वय पाहा, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं चालू परिपत्रक मागवा आणि नवी तपासणी लागत असेल तर जिल्हा रुग्णालयात आजच चौकशी करा. तपासणीला तारखा मिळायला वेळ लागतो, आणि सवलतीचा अर्ज परीक्षा अर्जाबरोबर गेला नाही तर पेपरच्या आदल्या आठवड्यात कोणी ऐकत नाही. शिबिराची तयारी आणि परीक्षा अर्जाची मुदत एकाच पंधरवड्यात येत असेल तर आधी अर्ज भरून घ्या.